बाबासाहेबांचे पराभव आणि मतमोजणीचे गणित

निवडणुकीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांमध्ये दोनच प्रश्न विचारले जातात. कोण निवडून आला आणि आपल्याला कोणी पाडले? मते कोणत्या पद्धतीने घेतली आणि कोणत्या पद्धतीने मोजली, हा तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. आमच्या मते तो सर्वांत आधी विचारायला हवा.

आपल्याच बुलढाणा लोकसभा मतदारसंघाचे उदाहरण घेऊ. २०२४ च्या निवडणुकीत विजयी उमेदवाराला साडेतीन लाखांच्या आसपास मते पडली. दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला ३ लाख २० हजारांच्या आसपास, तिसऱ्या क्रमांकाच्या अपक्षाला अडीच लाखांच्या आसपास आणि वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराला ९८ हजारांच्या आसपास मते पडली. म्हणजे झालेल्या मतदानाच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी मते घेऊन खासदार दिल्लीला गेले आणि उरलेल्या दोन तृतीयांश मतदारांच्या पसंतीचा तिथे कोणीच नाही. यात बेकायदेशीर काही घडलेले नाही. कायदाच तसा आहे. ज्याला इतरांपेक्षा एक मत जास्त, तो शंभर टक्के जिंकला आणि बाकीचे शंभर टक्के हरले.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विधानसभेची निवडणूक झाली. महायुतीच्या तीन प्रमुख पक्षांना सुमारे ४८ टक्के मते मिळाली आणि २८८ पैकी २३० जागा मिळाल्या. महाविकास आघाडीच्या तीन प्रमुख पक्षांना सुमारे ३४ टक्के मते मिळाली आणि जागा मात्र ४६. मतांच्या प्रमाणात जागा दिल्या असत्या तर हा आकडा नव्वदच्या पुढे गेला असता. राष्ट्रवादीच्या एका गटाला ११ टक्क्यांवर मते पडून १० जागा मिळाल्या, तर दुसऱ्या गटाला ९ टक्के मतांवर ४१ जागा मिळाल्या. आपल्या जिल्ह्यातील सातपैकी सहा जागा सत्ताधाऱ्यांकडे गेल्या, एक मेहकर तेवढे विरोधकांकडे आले. बुलढाण्याची जागा तर अवघ्या ८४१ मतांच्या फरकाने गेली. विरोधी पक्षनेतेपदासाठी एक दशांश म्हणजे २९ आमदार असावेत असा संकेत सांगितला जातो. तेवढे आमदार एकाही विरोधी पक्षाकडे नव्हते. त्यामुळे निकालानंतर विधानसभेतील ती खुर्ची रिकामीच राहिली.

मतदान यंत्रांबद्दलचा वाद वेगळा आहे आणि तो चालूच राहील. पण उद्या कागदी मतपत्रिका परत आली तरी आमचा हा प्रश्न सुटणार नाही. कारण परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या निवडणुकीत पराभूत झाले ती कागदी मतपत्रिकेचीच निवडणूक होती.

बाबासाहेबांना आपण संविधानाचे शिल्पकार म्हणून वंदन करतो. महाडचे चवदार तळे, काळाराम मंदिर, नागपूरची दीक्षाभूमी या जागा आपल्या लेकरांनाही तोंडपाठ आहेत. परंतु १९१९ पासून १९५६ पर्यंत, म्हणजे सुमारे ३७ वर्षे, बाबासाहेबांनी मतदान कसे व्हावे या प्रश्नाचा सतत पाठपुरावा केला, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? जयंती-पुण्यतिथीच्या भाषणांत त्यांच्या आयुष्याची ही बाजू फारशी येत नाही. म्हणून ती आज सलग सांगतो.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव कोलंबिया विद्यापीठात शिकून परत आले आणि मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. वय अवघे सत्तावीस. त्या काळी मॉन्टेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांच्या निमित्ताने मताधिकार कोणाला द्यावा याची चौकशी करायला साउथबरो समिती आली होती. २७ जानेवारी १९१९ रोजी बाबासाहेबांनी तिच्यापुढे साक्ष दिली. त्यांचा मुद्दा साधा आणि मूलगामी होता. मताचा हक्क शेतसारा आणि मालमत्तेवर ठेवला तर ज्यांना जमीनच धरू दिली नाही त्यांचे मत आपोआप संपते. आणि मत मिळाले तरी गावकुसाबाहेरची मते गावकुसाच्या आतल्या मतांमध्ये बुडून जातात. म्हणून अस्पृश्यांसाठी मताधिकाराची अट खाली आणा आणि त्यांचे प्रतिनिधी त्यांच्याच मतांनी निवडू द्या, अशी त्यांची मागणी होती. ती मान्य झाली नाही. सरकारने नेमलेल्या प्रतिनिधीवर अस्पृश्यांची बोळवण झाली.

पुढे १९२७ पासून ते स्वतःच मुंबई कायदे कौन्सिलचे नामनियुक्त सदस्य झाले. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव याच कौन्सिलने १९२३ मध्ये मंजूर केला होता. महाड नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचा ठराव केला होता. प्रत्यक्षात पाण्याला हात लावायला मार्च १९२७ मध्ये सत्याग्रहच करावा लागला. दुसऱ्यांनी उदार होऊन केलेला ठराव आणि आपल्या मतावर निवडून आलेला प्रतिनिधी यांत किती अंतर असते, हे महाडने दाखवून दिले.

१९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे बाबासाहेबांनी प्रौढ मताधिकार मागितला. सर्वांना मत मिळणार असेल तर राखीव जागांसह संयुक्त मतदारसंघही त्यांना चालणार होता. प्रौढ मताधिकार नसेल तर मात्र स्वतंत्र मतदारसंघच हवा, असा त्यांचा आग्रह होता. गोलमेज परिषदेत त्यांनी अस्पृश्यांच्या स्वतंत्र प्रतिनिधित्वाची बाजू लावून धरली. ऑगस्ट १९३२ मध्ये जातीय निवाडा जाहीर झाला. त्यात अस्पृश्यांना प्रांतिक कायदेमंडळांत ७१ जागा आणि दोन मते मिळाली होती. एक मत आपल्या स्वतंत्र मतदारसंघात आणि दुसरे सर्वसाधारण मतदारसंघात. या दुसऱ्या मताची किंमत आजही आपल्या लक्षात येत नाही. त्या मतामुळे सवर्ण उमेदवारालाही अस्पृश्य वस्तीच्या दारात यावे लागले असते.

गांधीजींनी येरवड्यात उपोषण आरंभले आणि २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. जागा ७१ वरून १४८ झाल्या. आपल्या मध्यप्रांत-वऱ्हाडात त्या वीस ठरल्या. बुलढाणा जिल्हा तेव्हा याच प्रांतात होता. जागा दुपटीहून जास्त वाढल्या, पण स्वतंत्र मतदारसंघ आणि ते दुसरे मत गेले. त्याऐवजी प्राथमिक निवडणुकीची तरतूद झाली. अस्पृश्य मतदारांनी आधी चार उमेदवार निवडायचे आणि त्या चारांतून एक जण सर्व मतदारांनी मिळून निवडायचा. म्हणजे शेवटचा शब्द बहुसंख्याकांचा! अस्पृश्यांच्या पहिल्या पसंतीचा माणूस घरी बसू शकत होता आणि चौथ्या पसंतीचा माणूस त्यांचा प्रतिनिधी म्हणून कायदेमंडळात जाऊ शकत होता. जागा किती, एवढेच पाहून भागत नाही. त्या कोणाच्या मतांनी भरल्या जातात तेही पाहावे लागते.

करारानंतर बाबासाहेब थांबले नाहीत. मतदारसंघांची रचना ठरवायला हॅमंड समिती नेमली गेली, तेव्हा एका मतदारसंघातून दोन-तीन प्रतिनिधी निवडायचे असतील तर मते कशी द्यावीत, असा वाद उभा राहिला. एक पद्धत अशी की, जितक्या जागा तितकी मते, पण प्रत्येक मत वेगळ्या उमेदवाराला द्यायचे. तिला डिस्ट्रिब्युटिव्ह म्हणत. दुसऱ्या पद्धतीत मते तितकीच, पण मतदाराला वाटले तर ती सगळी एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकता येतात. ही क्युम्युलेटिव्ह पद्धत. सवर्ण पुढाऱ्यांचा आग्रह पहिल्या पद्धतीसाठी होता, बाबासाहेबांचा दुसऱ्या. कारण उघड आहे. तीन जागांच्या मतदारसंघात अल्पसंख्य समाजाने आपली तिन्ही मते एकाच माणसावर एकवटली तर तो माणूस निवडून येऊ शकतो. मते वाटण्याची सक्ती केली तर आपलीच दोन मते आपल्या विरोधकांना द्यावी लागतात किंवा वाया घालवावी लागतात.

मुंबई इलाख्यात क्युम्युलेटिव्ह पद्धत आली. ऑगस्ट १९३६ मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि १९३७ च्या निवडणुकीत १७ उमेदवार उभे केले. त्यांतले १४ निवडून आले, त्यांपैकी तीन तर सर्वसाधारण जागांवर. भायखळा-परळ भागातून स्वतः बाबासाहेब १३,२४५ मते मिळवून विजयी झाले. त्यांच्याविरुद्ध काँग्रेसने क्रिकेटपटू पाळवणकर बाळू यांना उभे केले होते. पक्ष वर्षाचाही नव्हता, हाताशी पैसा नव्हता, तरीही हे घडले. समाज एकदिलाने उभा होता हे पहिले कारण. समाजाच्या एकदिलाचे जागांत रूपांतर करणारी पद्धत हाताशी होती हे दुसरे.

त्या मूठभर आमदारांनी काय केले तेही पाहा. सप्टेंबर १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले गेले. महार वतनाचा प्रश्न पुढे आला. जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कायदेमंडळावर आला. कामगारांचा संपाचा हक्क आवळणाऱ्या विधेयकाला सभागृहात विरोध झाला आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी रस्त्यावर संपही झाला. विरोधी बाकावरची थोडी पण स्वाभिमानी माणसे काय करू शकतात याचा हा इतिहास आहे. त्यांच्या जागी सत्ताधाऱ्यांच्या कृपेने आलेले चौदा जण असते तर यातले काय झाले असते?

१९४२ मध्ये नागपूरला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. १९४६ च्या प्रांतिक निवडणुकीत मात्र देशातल्या १५१ राखीव जागांपैकी फेडरेशनला दोनच जागा मिळाल्या. एक बंगालमधली आणि दुसरी आपल्या मध्यप्रांत-वऱ्हाडातली. जिथे प्राथमिक निवडणूक झाली तिथे मुंबई इलाख्यात आणि आपल्या प्रांतात अस्पृश्य मतदारांनी फेडरेशनला काँग्रेसपेक्षा जास्त मते दिली होती. अंतिम निवडणुकीत संयुक्त मतदारांनी तो कौल पुसून टाकला. इंग्रजांच्या कॅबिनेट मिशनने अंतिम निकाल पाहिला आणि काँग्रेसच अस्पृश्यांची प्रतिनिधी आहे असे ठरवले. पराभव एका निवडणुकीत झाला, पण त्याचा अर्थ लावून सगळ्या समाजाचा आवाजच नाकारला गेला. बाबासाहेबांनी लेखी निवेदने देऊन हा अन्याय ब्रिटिश सरकारपुढे मांडला. उपयोग झाला नाही.

इथे इतिहासाने एक वळण घेतले आणि ते आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक असायला हवे. संविधान सभेचे सदस्य प्रांतिक आमदारांनी निवडायचे होते आणि ते प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या पद्धतीने, एकल संक्रमणीय मताने. या पद्धतीत आमदार उमेदवारांना पसंतीक्रम देतो आणि ठरावीक कोटा पूर्ण करणारा निवडून येतो. बहुमतवाल्यांना सगळ्याच जागा गिळता येत नाहीत. मुंबईत फेडरेशनचा आमदारच नव्हता. म्हणून बाबासाहेब बंगालमधून उभे राहिले. जोगेंद्रनाथ मंडल यांनी जिवाचे रान केले आणि मोजक्या आमदारांच्या पसंतीच्या मतांवर बाबासाहेब निवडून आले. एक मत जास्त तो विजयी, असा नियम तिथे लावला असता तर काय झाले असते? संविधानाचे शिल्पकार संविधान सभेच्या दारात पाऊलही ठेवू शकले नसते. फाळणीमुळे ते सदस्यत्व संपले. जुलै १९४७ मध्ये जयकरांच्या रिकाम्या झालेल्या जागेवर ते मुंबईतून काँग्रेसच्या पाठिंब्याने पुन्हा निवडून आले. पण तोवर त्यांची योग्यता सभेने डोळ्यांनी पाहिली होती. ती दिसण्याची संधी बंगालच्या त्या पसंतीच्या मतांनी दिली होती.

मार्च १९४७ मध्ये त्यांनी राज्ये आणि अल्पसंख्याक या नावाने संविधानाचा आपला मसुदा मांडला. त्यात पंतप्रधानाची निवड सगळ्या सभागृहाने एकल संक्रमणीय मताने करावी आणि मंत्रिमंडळातले अल्पसंख्याकांचे प्रतिनिधी त्या त्या समाजाच्या आमदार-खासदारांनी त्याच पद्धतीने निवडावेत, अशी योजना होती. बहुमताचे सरकार म्हणजे एका जमातीचे सरकार होऊ नये, ही त्यामागची काळजी होती.

आता जी गोष्ट सांगायची ती काही जणांना अवघड वाटेल, पण वकिलाने सोयीचाच पुरावा दाखवू नये. ४ जानेवारी १९४९ रोजी संविधान सभेत प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या बाजूने दुरुस्त्या आल्या. एक के. टी. शहा यांची आणि एक आपल्याच मध्यप्रांत-वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांची. करीमुद्दीन यांनी तर बहुसदस्यीय मतदारसंघ आणि क्युम्युलेटिव्ह मताची मागणी केली होती. या दुरुस्त्यांना बाबासाहेबांनीच विरोध केला. देशात साक्षरता फार कमी आहे, पसंतीक्रमाचे मतदान लोकांना जमणार नाही, सभागृहात अनेक गट होऊन सरकार टिकणार नाही आणि अल्पसंख्याकांना राखीव जागांची हमी दिलेलीच आहे, असे त्यांचे म्हणणे होते. दुरुस्त्या फेटाळल्या गेल्या.

मग बाबासाहेब या पद्धतीच्या विरोधात होते असे म्हणायचे काय? त्यांच्या युक्तिवादाची तारीख पाहा आणि पाया पाहा. राखीव जागांची हमी हा त्याचा एक खांब होता. पुढच्या काही महिन्यांतच, मे १९४९ मध्ये, धार्मिक अल्पसंख्याकांसाठीच्या राखीव जागा रद्द करण्याचा निर्णय सभेने घेतला. अनुसूचित जातींच्या जागा उरल्या, पण संयुक्त मतदारसंघांत आणि तेव्हा दहा वर्षांपुरत्या. साक्षरतेचा खांब आज ७५ वर्षांनी पूर्वीसारखा उरलेला नाही. शिवाय त्याच संविधानात राष्ट्रपती, राज्यसभा आणि विधान परिषदेतील बहुतेक निवडून येणाऱ्या जागांसाठी एकल संक्रमणीय मताची पद्धत ठेवलेली आहे. म्हणजे आमदार-खासदारांच्या मताचे मोल जपणारी पद्धत त्यांच्यासाठी आहे, शेतमजुरासाठी नाही.

हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि जानेवारी १९५२ मध्ये पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते उत्तर मुंबईतून उभे राहिले. समाजवाद्यांशी युती होती. मतदारसंघ दुहेरी होता, एक जागा सर्वसाधारण आणि एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नव्हती. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी. दोन्ही मतपत्रिका एकाच पेटीत टाकल्या तर एक बाद. १९३७ साली मुंबईत जी मुभा होती ती १९५२ साली नव्हती! ज्या डिस्ट्रिब्युटिव्ह पद्धतीला बाबासाहेबांनी हॅमंड समितीपुढे विरोध केला होता तीच आता त्यांच्या वाट्याला आली.

निकाल असा लागला. काँग्रेसचे विठ्ठल गांधी यांना १ लाख ४९ हजार १३८, समाजवादी अशोक मेहता यांना १ लाख ३९ हजार ७४१, काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांना १ लाख ३८ हजार १३७ आणि बाबासाहेबांना १ लाख २३ हजार ५७६ मते. काजरोळकर राखीव जागेवर निवडून आले. फरक १४,५६१ मतांचा. त्याच मतदारसंघात सत्तर हजारांहून जास्त मते बाद ठरली. दुसरे मत मित्रालाही न देता वाया घालवायचे, याला आपल्याकडे मत कुजवणे म्हणतात. कम्युनिस्टांनी आपल्या मतदारांना मते कुजवायला सांगितल्याचा आरोप बाबासाहेब आणि मेहतांनी निवडणूक याचिकेत केला. याचिका फेटाळली गेली.

देशभराचे आकडेही पाहा. काँग्रेसला ४५ टक्के मते आणि ४८९ पैकी ३६४ जागा. समाजवादी पक्षाला साडेदहा टक्के मते आणि १२ जागा. कम्युनिस्टांना सव्वातीन टक्के मते आणि १६ जागा, कारण त्यांची मते ठरावीक भागांत एकवटलेली होती. फेडरेशनला सुमारे २.४ टक्के मते आणि जागा दोन. आपला समाज गावोगाव विखुरलेला आहे. ही पद्धत विखुरलेल्यांना सर्वांत जास्त शिक्षा करते.

लोकांच्या मतांनी ज्यांना लोकसभेत जाता आले नाही, ते त्याच वर्षी मुंबई राज्यातून राज्यसभेवर गेले. कसे गेले? पुन्हा प्रमाणशीर पद्धतीने. विधानसभेत ३१५ आमदार आणि राज्यसभेच्या जागा १७. सगळ्यांनी मतदान केले तर १८ मतांचा कोटा पुरेसा होता. इतर विरोधी आमदारांच्या मदतीने बाबासाहेब निवडून आले आणि अखेरपर्यंत राज्यसभेचे सदस्य राहिले. १९४६ आणि १९५२, दोन्ही वेळा ज्या पद्धतीने दार उघडले ती एकच होती.

मे १९५४ मध्ये भंडाऱ्याची पोटनिवडणूक झाली. भंडारा तेव्हा मध्य प्रदेश राज्यात होता आणि आपला बुलढाणाही त्याच राज्यात. दुहेरी मतदारसंघ, तीच दोन मतांची पद्धत. दुसरे मत कुजवले तर बाबासाहेबांची जागा पक्की होईल, असा सल्ला कार्यकर्त्यांनी दिला होता आणि बाबासाहेबांनी तो साफ नाकारला, असे चळवळीतली जुनी माणसे सांगत आली आहेत. मताचा हक्क ज्याने मिळवून दिला त्याने मत वाया घालवायला सांगावे, हे त्यांना पटले नाही. निकाल लागला तेव्हा सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता जिंकले आणि राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर. बाबासाहेब आठ हजारांहून थोड्या जास्त मतांनी हरले.

या अनुभवांनंतर बाबासाहेबांनी काय विचार केला, हा आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. ऑगस्ट १९५५ मध्ये फेडरेशनच्या कार्यकारिणीने कायदेमंडळांतील राखीव जागा बंद कराव्यात असा ठराव केला. संयुक्त मतदारसंघातून येणारा राखीव प्रतिनिधी समाजाचा राहत नाही, तो पक्षाचा होतो, हे वीस वर्षे पाहून झाले होते. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस भाषिक राज्यांवरील पुस्तकात त्यांनी अल्पसंख्याकांसाठी नवा उपाय मांडला. एक सदस्याचा मतदारसंघ सोडा, दोन किंवा तीन सदस्यांचे मतदारसंघ करा आणि मतदाराला आपली सगळी मते एकाला देण्याची मुभा द्या. जी पद्धत १९३७ साली यशस्वी ठरली तिच्याकडेच ते परत आले. १९४९ सालचा विरोध हा त्यांचा शेवटचा शब्द नव्हता. नंतरचा शब्द १९५५ सालचा आहे. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण. ही सूचना पुस्तकातच राहिली.

त्यांच्या मागे काय झाले? १९५७ मध्ये फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीत लढले. मतांची टक्केवारी १९५२ पेक्षा कमी, सुमारे १.७, पण खासदार सहा. १९६२ मध्ये रिपब्लिकन पक्षाला २.८ टक्के मते पडली आणि खासदार तीन, तेही उत्तर प्रदेशातून, महाराष्ट्रातून एकही नाही. मते वाढली, जागा अर्ध्या झाल्या. १९५७ मध्येच आंध्रातल्या एका दुहेरी मतदारसंघात दोन्ही जागा आदिवासी उमेदवारांनी जिंकल्या आणि व्ही. व्ही. गिरींसारखे पुढारी पडले. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये तो निकाल कायम केला. १९६१ मध्ये दुहेरी मतदारसंघ कायद्याने बंद झाले. मत एकवटण्याची मुभा देऊन ही रचना सुधारता आली असती. ती मोडून टाकणे सोयीचे ठरले.

आपल्या बुलढाण्याने १९७७ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे दौलत गवई यांना लोकसभेत पाठवले. १९९८ मध्ये अकोला, अमरावती, चिमूर आणि उत्तर-मध्य मुंबई या चार सर्वसाधारण जागांवर प्रकाश आंबेडकर, रा. सु. गवई, जोगेंद्र कवाडे आणि रामदास आठवले असे चौघे एकाच वेळी निवडून आले. दरवेळी युती होती. युती तुटली की काय होते? २०१९ मध्ये वंचितला राज्यात सुमारे सात टक्के मते पडली, एकट्या बुलढाणा मतदारसंघात १ लाख ७० हजारांहून जास्त, आणि स्वतःचा एकही खासदार नाही. २०१४ मध्ये बसपाला देशात सव्वादोन कोटींहून जास्त मते पडली आणि खासदार शून्य.

यावर आपल्याच माणसांना मते खाणारे म्हणून शिव्या दिल्या जातात. आम्हाला हे मान्य नाही. स्वतःच्या पक्षाला मत देणे हा गुन्हा नाही. त्या मताला शून्य किंमत देणारी पद्धत दोषी आहे. मात्र पद्धत बदलेपर्यंत तिचे नियम ओळखूनच लढावे लागेल, हेही तितकेच खरे. चार गटांत वाटलेला समाज या पद्धतीत चार वेळा हरतो.

म्हणून चळवळीपुढे दोन कामे आहेत असे आम्हाला वाटते. पहिले, गटातटाच्या पुढाऱ्यांना एका टेबलावर बसवणे. दुसरे, बाबासाहेबांची १९५५ सालची सूचना मागणी म्हणून पुढे आणणे. सुरुवात आपल्या गावापासून होऊ शकते. ग्रामपंचायतीच्या प्रभागात आजही दोन-तीन सदस्य असतात, नगरपरिषदेतही बहुसदस्यीय प्रभाग आहेत. पण तिथे प्रत्येक जागेची लढत वेगळी मोजली जाते, त्यामुळे प्रभागातला बहुसंख्य गट सगळ्या जागा नेतो. मतदाराला आपली दोन किंवा तीन मते एकाच उमेदवाराला देण्याची मुभा राज्याच्या कायद्यात दुरुस्ती करून देता येईल. आमच्या समजुतीप्रमाणे त्यासाठी संविधानाला हात लावण्याची गरज नाही. नगरपरिषदेच्या विषय समित्या आणि स्वीकृत सदस्य तौलनिक संख्याबळाने ठरतात, तेव्हा कोणालाही अडचण वाटत नाही. नगरसेवकांना जे प्रमाण चालते ते मतदारांना का नको? लोकसभा-विधानसभेसाठीही १९५२ आणि १९५७ मध्ये याच संविधानाखाली बहुसदस्यीय मतदारसंघ होते, हे विसरू नये.

सरकारे अस्थिर होतील असा आक्षेप येईल. तो बाबासाहेबांनीही घेतला होता, म्हणून त्याला उत्तर द्यावे लागेल. दोन-तीन सदस्यांच्या मतदारसंघात फार लहान गट निवडून येत नाहीत. मोठे पक्ष मोठेच राहतात, फक्त विरोधकांच्या जागा त्यांच्या मतांच्या जवळ येतात. आणि एक जागाही पुरेशी न उरलेल्या विरोधी पक्षांपुढे चालणारे स्थिर सरकार कोणाच्या कामाचे, हाही प्रश्न विचारलाच पाहिजे.

येणाऱ्या प्रत्येक निवडणुकीत उमेदवार मेहकरच्या, चिखलीच्या, खामगावच्या वस्तीत मते मागायला येतील. त्यांना रस्ता, नाली, समाजमंदिर जरूर विचारा. त्याबरोबर हेही विचारा की, आम्हाला आमची सगळी मते एकाला देण्याचा हक्क तुम्ही मागणार आहात काय? बाबासाहेबांना उत्तर मुंबईत सव्वा लाख आणि त्यानंतर भंडाऱ्यातही लाखावर माणसांनी मते दिली होती. ती माणसे चुकली नव्हती. त्यांच्या मतांचा हिशेब अजून बाकी आहे.

जय भीम!